हळुवार म्हणजे किती?



आज मी जो विषय घेऊन आलो आहे तो ऐकून काही जण हसतील. मी कवी माणूस, बी. ए. पर्यंत शिकलेला, डॉक्टर नव्हे. तरीही मी आज तुमच्याशी डोकं धुण्याबद्दल बोलणार आहे. साधं रविवारचं न्हाणं नव्हे. केशरोपण, म्हणजे ज्याला सगळे हेअर ट्रान्सप्लांट म्हणतात, ते झाल्यावर डोकं कसं धुवायचं, याबद्दल. २०२४ च्या जानेवारीत मी सलग पंधरा दिवस एका तरुण माणसाचं डोकं धुतलं. त्या पंधरा दिवसांत जे समजलं, ते आणखी कुणाच्या उपयोगी पडेल असं वाटतं.

हा तरुण म्हणजे माझा भाचा. वय एकतीस, नोकरी दुबईला. आमच्या चिपळूणकडच्या बऱ्याच घरांतली मुलं आखातात असतात, तसाच हाही. सव्विसाव्या वर्षी त्याचे पुढचे केस गेले. तेव्हापासून टोपी. घरात टोपी, लग्नात टोपी, फोटोत टोपी. मी एकदा हसत म्हटलं, "बाळा, माझंही डोकं चाळिशीतच मोकळं झालं, माझं काय अडलं?" तो म्हणाला, "मामू, तुमचं लग्न आधी झालं होतं. आणि ही मिळकत तुमच्याकडनंच आलीय." हा वारसा आईबाप दोघांकडूनही येऊ शकतो हे मी तेव्हा त्याला सांगितलं नाही. माझ्या डोक्याकडे पाहिल्यावर त्याचं म्हणणं पटण्यासारखंच होतं.

पंचेचाळीस दिवसांची रजा घेऊन तो आला आणि विमानतळावरून घरी न येता मुंबईतच राहिला. आईला सांगितलं, कंपनीच्या मेडिकलचं काम आहे. तिथल्या एका दवाखान्यात त्यानं केस लावून घेतले. सुमारे बावीसशे मुळं. सात तास खुर्चीत. तिसऱ्या दिवशी तो रेल्वेनं चिपळूणला उतरला आणि आईकडे न जाता सरळ माझ्या दारात उभा राहिला. डोक्यावर सैलसर कापडी टोपी, अंगात बटणांचा शर्ट. गळ्यातून ओढून काढायचे कपडे घालायचे नाहीत, डोक्याला घासतात, असं त्याला सांगितलेलं होतं. टोपी काढली तेव्हा मी दोन मिनिटं बोललोच नाही. पुढच्या भागावर लाल ठिपकेच ठिपके, प्रत्येकावर बारीकशी खपली, आणि खपलीतून वर आलेला जोंधळ्याच्या कणाएवढा केस.

आपल्याकडे भाताची लावणी पाहिलेल्यांना हा प्रकार समजायला अवघड नाही. तरव्यातली रोपं उपटून चिखलात लावतात तसंच हे. डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातले केस सहसा आयुष्यभर टिकतात. तिथलं एकेक मूळ बारीक नळीसारख्या पात्यानं सोडवून काढतात. एकेका मुळात एक ते चार केस असतात. मग पुढे बारीक छिद्रं करून त्यात ती बसवतात. मागचा केस पुढे आणला तरी आपला मागचा स्वभाव सोडत नाही, म्हणजे गळत नाही, ही सगळ्यातली मुख्य गोष्ट. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइच या त्वचारोगतज्ज्ञानं १९५२ मध्ये हे करून पाहिलं आणि १९५९ मध्ये लिहून प्रसिद्ध केलं. त्याच्याही आधी, १९३९ मध्ये, जपानमध्ये ओकुदा नावाच्या डॉक्टरांनी भाजल्याच्या व्रणांवर असे केस लावले होते. पुढे युद्ध आलं आणि त्यांचं काम कित्येक वर्षं जपानबाहेर कुणाला कळलंच नाही.

असो. डॉक्टरांचं काम सात तासांत संपलं होतं. पुढचं काम घरातलं होतं, आणि त्यासाठी भाच्याच्या हातात इंग्रजीतला एक छापील कागद दिलेला होता. मी चष्मा लावून वाचला. बावीस सूचना. त्यात 'जेंटली' हा शब्द मी मोजला, सात वेळा. हळुवार धुवा. हळुवार पाणी सोडा. हळुवार टिपा.

श्रोतेहो, 'हळुवार' हा शब्द मी माझ्या कवितांत बराच वापरला आहे. वारा हळुवार, पाऊल हळुवार, आठवण तर नेहमीचीच हळुवार. तो लिहिताना मला कधी कुणी विचारलं नाही की हळुवार म्हणजे किती. आता बावीसशे मुळांचा प्रश्न होता, आणि एकेका मुळाचे पैसे भाच्यानं उन्हात उभं राहून कमावलेले होते. मी दवाखान्यात फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "कागदावर सगळं आहे." मी म्हटलं, "ताई, कागदावर शब्द आहे, माप नाही." संध्याकाळी स्वतः डॉक्टरांचा फोन आला, आणि त्यांनी मात्र दहा मिनिटं शांतपणे समजावलं.

इकडे भाच्याचं म्हणणं, डोकं धुवायचंच नाही. पंधरा दिवस पाणी लावलं नाही तर काय बिघडेल? त्याला वाटत होतं, हात लावला की मूळ निघालं. ही भीती त्याच्या एकट्याची नाही. डॉक्टरांनी सांगितलं की बरेच जण हेच करतात आणि इथेच चुकतात.

पहिले दोनतीन दिवस मूळ तिथं टिकतं ते साकळलेल्या रक्तातल्या चिकट धाग्यांच्या आधारानं. नंतर भोवतीची त्वचा त्याला धरते, बारीक रक्तवाहिन्या जोडल्या जातात. बर्नस्टीन आणि रासमन या अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी याची चाचणीच घेतली आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केली. लावलेला केस ओढून पाहिला, तर पहिले दोन दिवस मूळ बाहेर येऊ शकतं, सहाव्या दिवसापासून येत नाही. पण घट्ट चिकटलेली खपली ओढली, तर पाचव्या दिवसापर्यंत तिच्याबरोबर मूळ निघालंच, आणि आठव्या दिवसापर्यंत तो धोका थोडाफार राहिला. नवव्या दिवसानंतर कशानंच निघालं नाही. म्हणजे केसापेक्षा भीती खपलीची. आणि खपली घट्ट होऊ द्यायची नसेल तर डोकं रोज धुवायला हवं. न धुता जपणं हे जपणं नव्हेच. हे कळल्यावर भाचा गप्प झाला आणि मोरीतल्या स्टुलावर येऊन बसला.

मी नखं कापली. बोटातली अंगठी काढून ठेवली. पाणी कोमट, किती ते कोपर बुडवून पाहिलं, बाळंतिणीच्या घरात पाहतात तसं. शॉवर नाही, नळाची धारही नाही. कागदावर बेबी शाम्पू लिहिलेला होता. तो थेट डोक्यावर ओतायचा नाही. मगभर पाण्यात थोडा घालून हातानं घुसळून फेस काढायचा, तो फेस ओंजळीत घ्यायचा आणि लावलेल्या जागेवर नुसता ठेवायचा. चोळायचं नाही, बोटं फिरवायची नाहीत. तळहातानं टेकवल्यासारखं करायचं आणि उचलायचं. चारपाच मिनिटं तसंच राहू द्यायचं. मग मगानं पाणी, अगदी जवळून. मागच्या भागावर, जिथून मुळं काढली, तिथं बोटांच्या टोकांनी जरासं चोळलं तरी चालतं.

मापाचा प्रश्न मी माझ्या पुरता असा सोडवला. आधी स्वतःचा डोळा मिटून पापणीवर मगातलं पाणी सोडून पाहिलं. पापणीला जे पाणी जड वाटत नाही, ते त्याच्या डोक्याला चालेल. बोटाचंही तसंच. मिटल्या पापणीवर बोट टेकवून डोळ्याला त्रास होत नाही एवढाच दाब. डॉक्टरांना फोनवर हे सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, "हे माप माझ्या कागदात घालतो."

धुऊन झाल्यावर पंचा डोक्याला लावायचा नाही. मान आणि मागचा भाग टिपून घ्यायचा, पुढचा भाग आपोआप वाळू द्यायचा. गरम हवेचं यंत्र नको. भाचा पडवीत सावलीला बसून राहायचा.

त्या पहिल्या दिवशी मग हातात घेतल्यावर मला माझे वडील आठवले. अर्धांगवायूनं ते दोन वर्षं अंथरुणाला होते आणि त्यांचं डोकं मी धुवायचो. शेवटचं गुस्ल दिलं तेव्हाही डोक्यावर पाणी मीच घातलं. वडीलधारे शेजारी उभं राहून सांगत होते, हळू घाल, त्यांना लागेल. त्यांना आता काय लागणार, असं मनात आलं होतं, तरी हात आपोआप हळू झाला होता. तोच हात आता भाच्याच्या डोक्यावर होता. मी त्याला हे सांगितलं नाही. त्यानं मान खाली घालून विचारलं, "मामू, काही निघालं का?" मी मगाखालच्या पांढऱ्या तसराळ्यात पाहिलं. काही नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी त्याचे दोन्ही डोळे सुजून मिटले. घरात घबराट. पण हे अपेक्षितच असतं. शस्त्रक्रियेच्या वेळी डोक्याच्या कातडीत जे औषधी पाणी टोचतात ते हळूहळू कपाळावरून खाली उतरतं. म्हणून पहिले चारपाच दिवस दोनतीन उशा घेऊन अर्धवट बसल्यासारखं झोपायचं आणि खाली वाकायचं नाही. सूज उतरायला तीन दिवस लागले. बर्फाची पिशवी ठेवायची तर कपाळावर, लावलेल्या जागेवर मुळीच नाही.

वाकायचं नाही म्हटल्यावर त्याला नमाजची काळजी लागली. सजद्यात कपाळ जमिनीला टेकायचं, आणि वुजू करताना ओला हात डोक्यावरून फिरवायचा. दोन्ही अडचणीचं. मी मोहल्ल्यातल्या मौलानांना नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, जखम आहे, पाण्यानं किंवा हातानं अपाय होणार असेल तर तेवढी सूट आहे. वाकता येत नसेल त्यानं बसून इशाऱ्यानं नमाज पढावी. मग हळूच म्हणाले, "तुमच्या भाच्याला सांगा, टोपीची घाई नको." आमच्या गावात गुपित एवढंच टिकतं.

आठव्या दिवसापासून डॉक्टरांनी थोडी मोकळीक दिली. फेस दहा मिनिटं ठेवायचा, खपल्या भिजू द्यायच्या आणि बोटांच्या पेरांनी, नखानं नव्हे, बारीक गोल फिरवायचं. पहिल्या दिवशी पाचसहा खपल्या आल्या आणि त्यात बारीक केस. भाचा पांढराफटक पडला. पण केस म्हणजे मूळ नव्हे. केसाची काडी गेली तरी मूळ आत असतं. मूळ निघालं तर सहसा तिथून रक्त येतं. रक्ताचा थेंबही नव्हता. बाराव्या दिवशी डोकं स्वच्छ गुलाबी झालं.

या आठवड्यात आणखी एक प्रसंग झाला. माझी बहीण दारात उभी राहिली, हातात बाटली. माका, जास्वंद आणि खोबरेल तेल, स्वतः उकळलेलं. तिला कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. मुलगा आठ दिवस मामाकडे लपून राहिला याचं दुःख बाजूला ठेवून ती म्हणाली, "भाई, थोडं चोळू दे, लवकर रुजतील." मी बाटली तिच्या हातून घेतली आणि फडताळात वर ठेवली. निदान महिनाभर तेल नाही, तेही डॉक्टरांनी होय म्हटल्यावर. तेल वाईट म्हणून नव्हे. ते लावायचं म्हणजे चोळणं आलं, आणि काढायचं म्हणजे पुन्हा जोरानं धुणं आलं. कलप, पोहणं, कडक ऊन हेही तेवढे दिवस लांब. सिगारेटही बंद, कारण तिनं रक्तवाहिन्या आकसतात आणि इथं तर रक्ताचाच सगळा खेळ. भाच्याला सगळ्यात जड हेच गेलं.

खरा कठीण काळ मात्र त्यानंतर आला, आणि तो धुण्याच्या कौशल्याचा नव्हता. चौथ्या आठवड्यात लावलेले केस गळायला लागले. रोज मगात दहावीस. तोवर तो आईकडे राहायला गेला होता. एका सकाळी आला आणि पडवीत बसून ओक्साबोक्शी रडला. पैसे गेले, रजा गेली, आता काय. त्याला सांगितलेलं होतं की हे होतं. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात लावलेला केस बहुधा गळतोच. उचलून दुसरीकडे बसवल्याच्या धक्क्यानं मूळ विश्रांतीत जातं, आणि तीनचार महिन्यांनी त्यातून नवा केस येतो. भरगच्च दिसायला नऊ ते बारा महिने. लावणीनंतर शेत काही दिवस पिवळंच दिसतं हे त्याला माहीत होतं, लहानपणी तो माझ्याबरोबर चिखलात उभा राहिलेला आहे. पण कागदावर वाचलेलं आणि मगात दिसलेलं यांत फरक असतो.

त्या दिवशी मी त्याला विचारलं, "तिला सांगितलंस का?" त्याचं लग्न ठरलं होतं, पुढच्या रजेत निकाह. मुलीनं त्याला पाहिलं होतं ते टोपीत. महिनाभर तो व्हिडिओवर बोलायचं टाळत होता. केस लावून घेतले यात मला काही वावगं वाटत नाही. दात पडला तर आपण बसवतोच. पण ते लपवण्यासाठी जे बोलावं लागतं ते मला पटत नव्हतं, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आला. म्हणाला, सांगितलं. ती म्हणे आधी गप्प राहिली. मग म्हणाली, तुम्ही फोन टाळत होता, मला वाटलं तुमच्या मनात दुसरं काही आहे. आणि मग विचारलं, "डोकं कोण धुतं तुमचं?"

ज्यांना हे करून घ्यायचं आहे त्यांना दोन गोष्टी सांगतो. एक, करणारा माणूस नोंदणी झालेला, हे शिकलेला डॉक्टर आहे का ते आधी पाहा. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं याबद्दल सूचना काढल्या, त्यात कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणं पुरेसं नाही असं लिहिलेलं आहे. ते लिहावं लागलं यावरून काय ते समजा. दुसरी गोष्ट, धुण्याचा दिवस आणि रीत प्रत्येक डॉक्टरची थोडी वेगळी असते. कुणी दुसऱ्या दिवशी धुवायला सांगतो, कुणी तिसऱ्या. माझं ऐकू नका, तुमच्या डॉक्टरचं ऐका. आणि ताप, पू, घाण वास, पसरत जाणारी लाली किंवा काळपट पडलेला डाग दिसला तर घरात चर्चा न करता त्याच दिवशी दाखवा.

भाचा दुबईला गेला तेव्हा त्याचं डोकं जवळपास पहिल्यासारखंच दिसत होतं. कामावर हेल्मेट लागतं, म्हणून डॉक्टरांचं पत्र घेऊन त्यानं महिनाभर कार्यालयातलं काम मागून घेतलं. जून महिन्यात त्याचा फोन आला. तिकडे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या इतक्या तापतात की नळाला थंड पाणी म्हणून जे येतं ते हात भाजणारं. मी विचारलं, मग डोकं कसं धुतोस? म्हणाला, "मामू, गीझर बंद ठेवतो. त्याची टाकी आत खोलीत, एसीत असते. रात्रभर पाणी निवतं. सकाळी त्यातलं घेतो, मगानं."

"आणि केस?"

"आलेत. उजव्या बाजूला जरा उशिरा."